ब्लॅक होलच्या जेटमधून गामा किरण येतात तरी कुठून? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जेट म्हणजे नक्की काय, आधी ते सांगा.

बहुतेक मोठ्या गॅलेक्सींच्या मधोमध एक अजस्र ब्लॅक होल असतं, सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वजनाचं. त्यातली बरीचशी उपाशीच बसलेली असतात, आपल्या आकाशगंगेतलं ४० लाख सूर्यांएवढं आहे आणि तेही जवळपास झोपलेलंच. पण काहींवर वायू धो धो कोसळत असतो, तो सरळ आत न जाता भोवती तबकडीसारखा फिरत राहतो, घासून घासून तापतो आणि असा चमकतो की आख्खी गॅलेक्सी त्याच्यापुढे फिकी पडते. अशा गॅलेक्सीला सक्रिय गॅलेक्सी म्हणतात. आणि त्यातल्याही थोड्याच ठिकाणी तबकडीच्या वर आणि खाली प्लाझ्माचा, म्हणजे विजेचा भार असलेल्या तापलेल्या वायूचा, एकेक बारीक झोत प्रकाशाच्या जवळपास वेगाने बाहेर सुटतो, तेच जेट.

पहिलं जेट दिसलं १९१८ साली. लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना एम ८७ च्या फोटोत मध्यापासून निघालेली एक विचित्र सरळ रेघ दिसली, त्यांनी तशी नोंद केली आणि विषय तिथेच राहिला, कारण तेव्हा एम ८७ ही दुसरी गॅलेक्सी आहे हेच कुणाला नक्की माहीत नव्हतं. ती रेघ सुमारे ५००० प्रकाशवर्षं लांब आहे. आणि ही तशी छोटीच म्हणायची, २०२४ मध्ये जाहीर झालेली पोर्फिरिऑन नावाची जेटची जोडी टोकापासून टोकापर्यंत २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं भरते.

ब्लॅक होलमधून प्रकाशही सुटत नाही म्हणता, मग हे कसं सुटलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सोपं आहे, आतून काहीच येत नाही. जेट बनतं ते ब्लॅक होलच्या बाहेर, अगदी उंबऱ्यावर. फिरणारं ब्लॅक होल आजूबाजूचं अवकाशसुद्धा स्वतःबरोबर ओढत फिरवतं, तबकडीने आणून सोडलेल्या चुंबकीय रेषा त्यात दोरीसारख्या पिळल्या जातात आणि त्या पिळातून ऊर्जा दोन्ही ध्रुवांकडून बाहेर पडते. हा हिशोब ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी १९७७ साली मांडला. म्हणजे खर्च होते ती ब्लॅक होलची फिरण्याची ऊर्जा. नुसत्या तबकडीच्या चुंबकीय क्षेत्रावरही झोत निघू शकतो असं १९८२ चं दुसरं मॉडेल आहे, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतात, भांडण नाही त्यात.

गामा किरण म्हणजे हाय-एनर्जी प्रकाश म्हणतात, पण किती हाय?

प्रकाशाच्या एका कणाला फोटॉन म्हणतात आणि त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात मोजतात. डोळ्यांना दिसणारा फोटॉन साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. एक्स-रेचा हजारांत. जेटमधून येणारे गामा किरण गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे, म्हणजे १०० कोटी, आणि त्याच्याही पुढे टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टचे, म्हणजे एक लाख कोटी.

आता मुद्दा असा की एवढ्या ऊर्जेचा प्रकाश काहीही *तापवून* मिळत नाही. या ब्लॅक होलभोवतीची तबकडी स्वतः तापून मुख्यतः अल्ट्राव्हायोलेटपर्यंतच चमकते. म्हणजे तिथे उष्णता सोडून दुसरं काहीतरी चाललंय, काही मोजक्या कणांना बाकीच्यांपेक्षा प्रचंड जास्त ऊर्जा मिळतेय. कुणाला, कुठे आणि कशी, हे तीन प्रश्न म्हणजे हा सगळा विषय.

ब्लेझार आणि क्वेसार एकच का?

नाही. क्वेसार म्हणजे खूप तेजस्वी सक्रिय केंद्र, जेट असो वा नसो. ब्लेझार म्हणजे ज्याचं जेट जवळपास थेट आपल्याकडे रोखलेलं आहे ते. टॉर्च बाजूने बघणं आणि टॉर्चच्या समोर उभं राहणं, एवढाच फरक. बीएल लॅसर्टी हा त्यातला नमुनेदार, १९२९ मध्ये कुनो हॉफमाइस्टर यांनी शोधला तेव्हा तो आपल्याच आकाशगंगेतला तेज बदलणारा तारा म्हणून यादीत गेला आणि पुढची चाळीसेक वर्षं ताराच राहिला.

जून २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहाने ज्या हजारो सक्रिय गॅलेक्सी गामा किरणांत पकडल्या त्यातल्या ९८ टक्क्यांहून जास्त ब्लेझारच आहेत. म्हणजे गामा किरण आणि जेट यांचं नातं पक्कं, त्यात आता कुणाला शंका नाही.

जेटमधले प्लाझ्माचे गोळे प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जाताना दिसतात हे खरं का? मग आइन्स्टाइन चुकला का?

दिसतात खरे, आइन्स्टाइन चुकला नाही. एकदा गणित करूनच बघा. समजा एक गोळा प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने निघाला आणि त्याची दिशा आपल्या नजरेच्या रेषेपासून साधारण पावणेसहा अंश बाजूला आहे. दहा वर्षांत तो आपल्या दिशेने ९.९ प्रकाशवर्षं पुढे आला आणि आडवा जवळजवळ १ प्रकाशवर्ष सरकला. पहिल्या दिवशी निघालेला प्रकाश १० प्रकाशवर्षं पुढे आहे आणि दहा वर्षांनी निघालेला त्याच्या फक्त ०.१ प्रकाशवर्ष मागे. म्हणजे आपल्याला दोन्ही फोटो पाच आठवड्यांच्या अंतराने मिळतात, त्यात गोळा १ प्रकाशवर्ष सरकलेला, म्हणून वाटतं की दहापट वेगाने धावला! स्वतःच्याच प्रकाशाचा पाठलाग करतोय तो, बाकी काही नाही. मार्टिन रीस यांनी हे १९६६ साली कागदावर मांडलं आणि पाच वर्षांत रेडिओ दुर्बिणींनी खरंच दाखवलं. एम ८७ च्या जेटमध्ये हबल दुर्बिणीने प्रकाशाच्या सहापट वेग मोजलाय.

हे नीट समजून घ्या कारण पुढे लागणार आहे. याच वेगामुळे जेटचा प्रकाश पुढच्या बाजूला एकवटतो, त्याची ऊर्जा वाढते आणि बदल लवकर लवकर घडताना दिसतात. वरच्या उदाहरणात तेज हजारो पटींनी वाढलेलं दिसेल, आणि पलीकडे जाणारं जुळं जेट इतकं मंद होईल की गायबच.

ब्लेझारच्या स्पेक्ट्रममध्ये दोन टेकड्या असतात म्हणे, त्या कसल्या?

रेडिओपासून गामापर्यंत प्रत्येक पट्ट्यात किती ऊर्जा येते त्याचा आलेख काढला की उंटाच्या दोन मदारींसारखा आकार येतो. पहिली टेकडी रेडिओपासून ऑप्टिकलपर्यंत, काही ब्लेझारमध्ये एक्स-रेपर्यंत. दुसरी गामा किरणांत.

पहिलीवर सगळ्यांचं एकमत आहे. चुंबकीय क्षेत्रात वेगवान इलेक्ट्रॉन गोल गोल फिरले की प्रकाश टाकतात, त्याला सिंक्रोट्रॉन म्हणतात, हाच प्रकाश १९४७ मध्ये प्रयोगशाळेतल्या यंत्रात डोळ्यांनी दिसला होता आणि त्याची खूण म्हणजे तो पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याच्या लहरी बऱ्याचशा एकाच दिशेत डोलतात. १९५६ मध्ये वॉल्टर बाडे यांना एम ८७ च्या जेटमध्ये नेमकं तेच सापडलं.

खरी मारामारी दुसऱ्या टेकडीवरून आहे.

मग दुसरी टेकडी कुणाची? सरळ सांगा.

सरळ सांगायचं तर बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनचीच. वेगवान इलेक्ट्रॉन एखाद्या साध्या फोटॉनला धडकला की त्याला जोरात टोला बसतो आणि फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या लॉरेंट्झ फॅक्टरच्या (तो प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ गेलाय हे सांगणारा आकडा) वर्गाच्या पटीत वाढते, याला इन्व्हर्स कॉम्प्टन म्हणतात. वर्ग, हे लक्षात घ्या. लॉरेंट्झ फॅक्टर १०,००० असेल तर पट १० कोटी. १० इलेक्ट्रॉन व्होल्टचा अल्ट्राव्हायोलेट फोटॉन एका टोल्यात १०० कोटींवर, म्हणजे १ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. झाला गामा किरण.

पण टोला खाणारा फोटॉन आला कुठून? तो जेटमधलाच सिंक्रोट्रॉनचा असू शकतो, म्हणजे इलेक्ट्रॉनने आधी स्वतःच प्रकाश बनवला आणि मग स्वतःच त्याला बदडला. मार्केरियन ४२१ सारख्या, आजूबाजूला फारसं काही नसलेल्या ब्लेझारमध्ये हेच छान जुळतं. (हाच १९९२ मध्ये टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये दिसलेला आकाशगंगेबाहेरचा पहिला स्रोत, अॅरिझोनातल्या १० मीटरच्या व्हिपल दुर्बिणीने पकडला.) किंवा फोटॉन बाहेरचा असू शकतो, तबकडीचा, भोवतीच्या वायूच्या ढगांचा, तापलेल्या धुळीचा. ३सी २७९ सारख्या भरगच्च क्वेसारमध्ये गामाची टेकडी पहिलीपेक्षा कितीतरी उंच जाते, तिथे बाहेरचे फोटॉन धरल्याशिवाय हिशोबच लागत नाही.

आणि प्रोटॉन? जेटमध्ये प्रोटॉन नसतात का?

असतीलच की. प्रश्न असा की ते चमकतात का. प्रोटॉनला इलेक्ट्रॉनपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा मिळाली तर तो खूप जोरदार चुंबकीय क्षेत्रात स्वतः सिंक्रोट्रॉन गामा टाकू शकतो, किंवा फोटॉनला धडकून पायॉन नावाचे क्षणभर टिकणारे कण बनवू शकतो. न्यूट्रल पायॉन फुटला की दोन गामा, चार्ज असलेला फुटला की त्यातून न्यूट्रिनो, म्हणजे जवळपास कशालाच न अडणारे कण.

हे शेवटचं महत्त्वाचं. इलेक्ट्रॉन कितीही टोले देवोत, न्यूट्रिनो बनत नाहीत. म्हणून न्यूट्रिनो सापडला म्हणजे प्रोटॉन रंगेहाथ सापडला.

मग सापडला का?

बहुतेक हो, पण गोष्ट वाटते तेवढी सरळ नाही. दक्षिण ध्रुवावर एक घन किलोमीटर बर्फात ५१६० सेन्सर पुरलेत, त्याचं नाव आइसक्यूब. २२ सप्टेंबर २०१७ ला तिथे सुमारे २९० टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक न्यूट्रिनो आला, मिनिटाच्या आत जगभर अलर्ट गेला, फर्मीवाल्यांनी त्या दिशेला बघितलं तर टीएक्सएस ०५०६+०५६ नावाचा ब्लेझार तेव्हा चांगलाच भडकलेला, मग ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनाही तिथून गामा मिळाले. योगायोग असण्याची शक्यता साधारण हजारात एक. बाहेर पेढे वाटायची तयारी.

मग जुना डेटा उघडला. २०१४-१५ मध्ये त्याच दिशेने डझनभर न्यूट्रिनो जास्तीचे आलेले होते, आणि त्या वेळी गामा किरणांत हा ब्लेझार थंड! न्यूट्रिनो आणि गामा एकत्र बनत असतील तर हे चालत नाही. शिवाय २०२२ मध्ये आइसक्यूबला एनजीसी १०६८ कडून ७९ न्यूट्रिनो जास्तीचे दिसले, आणि ही गॅलेक्सी ब्लेझार नाहीच, तिथे बहुधा ब्लॅक होलला चिकटलेल्या गरम, दाट भागात न्यूट्रिनो बनतात आणि सोबतचे गामा तिथेच गिळले जातात. म्हणून माझं मत असं की प्रोटॉनना वेग मिळतो हे मान्य करावं, पण आपल्याला दिसणारा गामाचा *मोठा* वाटा त्यांच्या नावावर टाकू नये.

स्पेक्ट्रमला फिट करून बघितलं तर कळणार नाही का कोण बरोबर?

नाही ना! इथेच लोक फसतात. एकाच ब्लेझारच्या एकाच डेटावर इलेक्ट्रॉनचं मॉडेल बसतं आणि प्रोटॉनचंही बसतं, दोन्हीकडे फिरवायला भरपूर खुंट्या आहेत, चुंबकीय क्षेत्र इतकं धरा, गोळ्याचा आकार तितका धरा, वक्र रेषा ठिपक्यांवरून मस्त जाते आणि पेपर छापून येतो. प्रोटॉनवाल्यांना चुंबकीय क्षेत्र शंभरेक पट जास्त आणि जेटची ताकदही अवाच्या सवा लागते ही त्यांची अडचण, पण नुसत्या फिटवरून त्यांची मॉडेलं बाद होत नाहीत. मी तरी नुसता सुंदर फिट बघून विश्वास ठेवत नाही. तीन साक्षीदार जास्त भरवशाचे: न्यूट्रिनो, पोलरायझेशन आणि घड्याळ.

पोलरायझेशनचं ताजं उदाहरण. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेला आयएक्सपीई उपग्रह एक्स-रेचं पोलरायझेशन मोजतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीएल लॅसर्टीचा दिसणारा प्रकाश ४७.५ टक्क्यांपर्यंत पोलराइज्ड झाला, ब्लेझारसाठी हे भयंकर जास्त आहे, आणि त्याच वेळी एक्स-रे मात्र ७.६ टक्क्यांच्याही खाली. एक्स-रे प्रोटॉनच्या सिंक्रोट्रॉनचे असते तर तेही तसेच पोलराइज्ड दिसले असते. टोले खाऊन आलेले फोटॉन मात्र पोलरायझेशन गमावून येतात. त्यामुळे निदान या ब्लेझारच्या एक्स-रेपुरता तरी निकाल इलेक्ट्रॉनच्या बाजूने.

इलेक्ट्रॉनना एवढा वेग देतं कोण?

दोन उमेदवार. एक, शॉक. जेटमधला मागचा वेगवान माल पुढच्या संथ मालावर आपटला की धक्क्याची लाट बनते, कण तिच्या अलीकडे-पलीकडे टेबल टेनिसच्या बॉलसारखे टोलवले जातात आणि दर फेरीत थोडी ऊर्जा कमावतात. मूळ कल्पना एन्रिको फर्मी यांची, १९४९ ची, शॉकचं रूप तिला १९७७-७८ मध्ये मिळालं. दोन, मॅग्नेटिक रिकनेक्शन, उलट्या दिशांच्या चुंबकीय रेषा जवळ येऊन तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम कणांच्या अंगावर फेकतात, सूर्यावरचे स्फोट असेच होतात.

मार्केरियन ५०१ मध्ये आयएक्सपीईला एक्स-रे सुमारे १० टक्के पोलराइज्ड आणि दिसणारा प्रकाश त्याच्या अर्धाच मिळाला, दिशा दोन्हीकडे जेटला समांतर. शॉकमध्ये असंच व्हायला हवं, कारण एक्स-रेवाले इलेक्ट्रॉन शॉकजवळच, नीट लावलेल्या चुंबकीय क्षेत्रात, ऊर्जा संपवतात आणि कमी ऊर्जेचे पुढे विस्कळीत भागात पोचतात. म्हणून तिथे शॉक पुढे. पण अगदी झटपट भडक्यांसाठी रिकनेक्शनच बरं वाटतं, आणि त्याचं कारण पुढच्या प्रश्नात.

घड्याळाचा साक्षीदार म्हणजे काय?

माझ्या मते हा सगळ्यात मजबूत साक्षीदार. एखादी वस्तू तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रकाश जायला लागतो त्यापेक्षा लवकर आख्खी भडकू शकत नाही. २८ जुलै २००६ च्या रात्री नामिबियातल्या एचईएसएस दुर्बिणींनी पीकेएस २१५५-३०४ ला भडकताना पकडलं, २०० सेकंदांच्या आसपास तेज वर-खाली होत होतं. आता तिथलं ब्लॅक होल १०० कोटी सूर्यांचं धरा, त्याची त्रिज्या ३०० कोटी किलोमीटर, प्रकाशाला ती पार करायला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. आणि भडका तीन-चार मिनिटांचा!

मग पळवाट काय, तर जेट खूपच वेगात आहे म्हणून काळ आकसून दिसतोय. पण त्यासाठी वेगामुळे होणारा हा परिणाम पन्नासेक पट धरावा लागतो, आणि अशाच ब्लेझारमध्ये रेडिओ दुर्बिणींना जेटचे गोळे बऱ्यापैकी हळू जाताना दिसतात. म्हणून दुसरी कल्पना अशी की आख्खं जेट भडकत नाही, आत रिकनेक्शनमुळे छोटी छोटी जेट्स सुटतात, जेटमध्ये जेट, आणि त्यातलं एखादं आपल्यावर रोखलेलं असतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आयसी ३१० ने पाच मिनिटांहून कमी वेळात भडका दाखवला, त्याचं जेट तर सरळ आपल्याकडेही नाही, तिथे थेट ब्लॅक होलच्या उंबऱ्यावरच्या रिकाम्या पोकळीत विजेसारखा कडकडाट होत असावा असं सुचवलं गेलं.

गामा बनतात नेमके कुठे, ब्लॅक होलजवळ की लांब?

दोन्हीकडे पुरावे आहेत, हीच डोकेदुखी. १७ जून २०१० ला पीकेएस १२२२+२१६ या क्वेसारने दहाएक मिनिटांत दुप्पट होणारा भडका दिला, ऊर्जा ४०० गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत. भडका झटपट, म्हणून जागा छोटी, म्हणून वाटणार ब्लॅक होलजवळची. पण जवळ असती तर तिथल्या ढगांच्या अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाला धडकून हे गामा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा उलट चार्जचा जोडीदार) बनून संपले असते, बाहेर आलेच नसते. म्हणजे जागा लांबही आणि छोटीही. बसा आता.

लांबची गोष्ट तर आणखी मजेशीर. १९९९ मध्ये चंद्रा एक्स-रे दुर्बीण वर गेली तेव्हा फोकस लावायला एक साधा ठिपका हवा म्हणून पीकेएस ०६३७-७५२ हा क्वेसार निवडला, आणि फोटोत ठिपक्यातून बाहेर आलेलं भलंमोठं जेट! एवढ्या लांबवर एक्स-रे कसे, तर बिग बँगच्या उरलेल्या मायक्रोवेव्ह प्रकाशाला इलेक्ट्रॉन टोले देत असतील असं ठरलं, बरीच वर्षं चाललं. पण मग त्याच हिशोबाने गामाही दिसायला हवे होते, फर्मीने बघितलं, ते नाहीत. कल्पना गेली निदान या जेटपुरती. उरतं काय, तर तिथे, केंद्रापासून लाखो प्रकाशवर्षांवरसुद्धा, कणांना नव्याने वेग मिळतोय. आपल्या शेजारच्या सेंटॉरस ए गॅलेक्सीत २०२० मध्ये एचईएसएसने हजारो प्रकाशवर्षं लांबीवर टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टचे गामा पसरलेले दाखवले. असे इलेक्ट्रॉन शेकडो वर्षांतच थंड होतात, तेव्हा ते मुळापासून प्रवास करून आलेले असूच शकत नाहीत, वाटेतच ठिकठिकाणी तयार होतायत.

वातावरण गामा किरण अडवतं, मग जमिनीवरून कसे दिसतात?

गामा स्वतः दिसत नाही, त्याचा मृत्यू दिसतो. साधारण दहा किलोमीटर उंचीवर तो हवेला धडकतो, कणांचा पाऊस तयार होतो आणि काही अब्जांश सेकंद टिकणारा निळसर चेरेंकोव्ह प्रकाश खाली पडतो, तो मोठ्या आरशांनी टिपायचा. लडाखमध्ये हानले इथे ४२७० मीटरवर असलेली २१ मीटरची मेस दुर्बीण हेच करते. फार लांबचे टेरावाले गामा मात्र वाटेतच ताऱ्यांच्या प्रकाशाला धडकून संपतात, त्यामुळे तिथे फर्मीवरच भागवावं लागतं.

एखादं जेट आपल्यावर रोखलेलं असेल तर धोका?

हजारो रोखलेली आहेतच. मार्केरियन ४२१ हे जवळचं, ४० कोटी प्रकाशवर्षांवर. काही होत नाही, झोपा.

माझ्या दुर्बिणीतून काही दिसेल का?

दिसेल. काळोखं आकाश, आठ इंची दुर्बीण आणि चांगला नकाशा घेऊन मार्च ते मे मध्ये कन्या राशीत ३सी २७३ शोधा, तेजाचा अंक (मॅग्निट्यूड, जितका मोठा तितका ठिपका फिकट) १२.९ च्या आसपास. मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये ज्याच्यावरून क्वेसार किती लांब असतात हे ओळखलं तोच हा, आणि आकाशगंगेबाहेरून गामा किरण पहिल्यांदा मिळाले तेही याच्याकडूनच, सत्तरच्या दशकात कॉस-बी उपग्रहाला. अपेक्षा मात्र बेताची ठेवा, जेट वगैरे दिसणार नाही, शेजारच्या ताऱ्यांसारखाच एक फिकट ठिपका दिसेल आणि नकाशाशी तीनदा ताडून बघितल्याशिवाय खात्री होणार नाही. त्या ठिपक्याचा प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघालाय.